चार भोकं जुळेनात तेव्हा…

बॉनेट उघडून इंजिनाकडे कौतुकानं पाहणारे पुष्कळ भेटतात. खाली वाकून गाडीच्या पोटाकडे पाहणारा मात्र विरळाच. तसं कधी पाहिलंत, तर पुढच्या दोन चाकांच्या मधे, इंजिनाच्या तळाशी, जाड पत्र्याचा एक आडवा, काळा, चिखलानं माखलेला भाग दिसेल. कोणी त्याला क्रॉस मेंबर म्हणतो, कोणी सबफ्रेम, कोणी सस्पेन्शन फ्रेम. गाडीच्या मुख्य सांगाड्याला तो चार किंवा सहा बोल्टांनी खालून टांगलेला असतो. पुढची चाकं जागेवर धरणारे दोन लोअर आर्म याच्याच दोन टोकांना अडकवलेले असतात. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगचा रॅक, वळणावर गाडी कलू न देणारा अँटी-रोल बार आणि इंजिनाचं एखादं रबरी माउंटिंगही याच्याच पाठीवर बसतं. थोडक्यात, आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा गाडी जिकडे वळायला हवी तिकडेच वळते की नाही, हे या आडव्या तुकड्यावर पुष्कळसं अवलंबून असतं.

हा तुकडा सहसा काढावा लागत नाही. पण लोअर आर्मचे रबरी बुश बसले, स्टिअरिंगचा रॅक वाजायला लागला, काही गाड्यांत क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवायचा झाला, किंवा खड्ड्यात, दुभाजकावर गाडी जोरात आदळली, की तो उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. उतरवणं सोपं. बोल्ट सोडले की तो खाली येतो. खरी गंमत सुरू होते ती परत चढवताना. तीन बोल्ट बसतात आणि चौथा बसत नाही. भोक समोर दिसत असतं, पण अर्ध्यापर्यंतच. उरलेल्या अर्ध्यात पोलादी पत्र्याची चंद्रकोर.

त्या चंद्रकोरीचं मेकॅनिक पुढे काय करतो, यावर घरातल्या चार माणसांची सुरक्षितता ठरते. म्हणूनच हा विषय केवळ गॅरेजवाल्यांचा नाही.

राजधानीचे रस्ते आणि राजधानीतले मिस्त्री

दिल्ली आणि तिच्याभोवतीची गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद, गाझियाबाद ही सगळी वस्ती म्हणजे मोटारींचं माहेरघरच. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली, ती गाडी शेजारच्याच गुडगावच्या कारखान्यातून आलेली. तोपर्यंत राजधानीच्या रस्त्यांवर अँबॅसेडरचं राज्य होतं. तिची पुढची चाकं स्प्रिंगांऐवजी पीळ खाणाऱ्या लांब गजांवर, म्हणजे टॉर्शन बारवर, तोललेली. मारुतीनं मॅकफर्सन स्ट्रट ही पद्धत घरोघरी आणली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावानं ओळखली जाणारी ही रचना फोर्डनं १९५०च्या सुमारास आपल्या गाड्यांत वापरली. तिच्यात वरचा आर्म नसतोच. स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांचा एक उभा खांब, वरचं टोक गाडीच्या सांगाड्यात आणि खालचं टोक लोअर आर्मवर. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी खाणारी. मात्र यात एक मेख आहे. वरचं टोक सांगाड्यात पक्कं असल्यानं चाक सरळ उभं आहे की तिरकं, हे खालचं टोक नेमकं कुठे बसलंय त्यावर ठरतं. आणि खालचं टोक ज्या आर्मवर, तो आर्म आपल्या क्रॉस मेंबरवर.

दिल्लीत या भागाची परीक्षा वारंवार होते. पावसाळ्यात मिंटो ब्रिजखाली पाणी तुंबतं (याच पुलाचं अधिकृत नाव शिवाजी ब्रिज, हे पहाडगंजच्या मराठी मंडळींना वेगळं सांगायला नको) आणि तशाच इतर सखल जागी पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. वसाहतींच्या आतल्या गल्ल्यांत रहिवाशांनी हौसेनं घातलेले गतिरोधक आहेतच. एक मात्र दिल्लीच्या बाजूनं म्हणायला हवं: हवा कोरडी, त्यामुळे गंज कमी. मुंबईत किंवा कोकणात दहा वर्षं काढलेली गाडी बदलीबरोबर दिल्लीला आली की तिथले मिस्त्री तिचे खालचे बोल्ट सोडवतानाच कपाळाला हात लावतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बोल्ट आणि आतला नट एकजीव झालेले असतात.

मिस्त्री लोकांच्या हुशारीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. करोलबागेत किंवा ओखल्यात नुसत्या आवाजावरून कुठला बुश गेला ते सांगणारे उस्ताद आहेत. अडचण असते ती वेळेची. संध्याकाळी गाडी द्यायची कबुली दिलेली, गिऱ्हाईक दर अर्ध्या तासाला फोन करतंय आणि चौथं भोक जुळत नाही. अशा वेळी "हो जाएगा" या दोन शब्दांत बरंच काही झाकलं जातं.

जुळत का नाहीत?

कारखान्यात हीच भोकं मिनिटाभरात जुळतात, कारण तिथे क्रॉस मेंबर सपाट साच्यावर ठेवून, मापून दिलेल्या जागी, वर उचलला जातो. गॅरेजात तो बहुधा एका जॅकच्या डोक्यावर तोललेला असतो. जॅक मध्यापासून चार बोटं सरकला तरी एक बाजू वर, एक खाली. बोल्ट तिरका होतो आणि भोक सरकल्यासारखं दिसतं. निम्म्या वेळा एवढंच कारण असतं. जॅकवर रुंद फळी ठेवावी, शक्यतो दोन जॅक घ्यावेत, म्हणजे काम होतं.

दुसरं कारण इंजिन. त्याचं एक माउंटिंग क्रॉस मेंबरवर असेल, तर मेंबर उतरल्यावर इंजिन-गिअरबॉक्सचा डोलारा थोडा मागे किंवा पुढे झुलतो. मग मेंबर चढवताना माउंटिंगचा बोल्ट आधी लावला, की ते जड धूड मेंबरला आपल्याकडे ओढतं. इंजिनाला वेगळा टेकू देऊन ते मूळ उंचीवर आणलं की ओढ संपते. तिसरं, नवे बुश. जुने मऊ पडलेले असतात, नवे ताठ. ते आर्मला आपल्या मनाच्या कोनात धरून बसतात आणि आर्म मेंबरला ढकलतो. अँटी-रोल बारचंही तेच. तो आधी पक्का आवळला तर स्प्रिंगसारखा उलटा दाब देतो.

ही सगळी निरुपद्रवी कारणं. ती एकेक करून दूर केल्यावरही भोक जुळत नसेल, तर मात्र गाडी काही सांगू पाहतेय असं समजावं. एक तर मेंबर वाकलाय, किंवा सांगाडा वाकलाय, किंवा आणलेला भाग दुसऱ्याच मॉडेलचा आहे.

हे ओळखायला कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. खोली काटकोनात आहे का हे पाहायला गवंडी काय करतो? दोन्ही कर्ण मोजतो. तेच इथेही. मेंबर सपाट फरशीवर ठेवायचा, पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि मग उलट, असं टेपनं मोजायचं. मग गाडीखाली जाऊन सांगाड्यातल्या चार नटांमधली मापंही तशीच घ्यायची. ज्याचे कर्ण जमत नाहीत, तो दोषी. काही मेंबर मुळातच दोन्ही बाजूंना सारखे नसतात, तेव्हा कंपनीच्या पुस्तकातली मापं पाहावी लागतात. पण बहुतेक वेळा टेप पुरते. मेंबर वाकला असेल तर बदलावा. सांगाडा वाकला असेल तर गाडी खेचून सरळ करणाऱ्या बेंचवर न्यावी. तिसरा मार्ग नाही.

पण तिसरा मार्ग काढला जातो. गोल कानशीनं किंवा ड्रिलनं भोक थोडं मोठं केलं जातं. बोल्ट सुळकन आत जातो, वर जाड वॉशर बसतो, आणि संध्याकाळी गाडी दारात.

भोक मोठं केलं तर बिघडतं काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोल्ट खुंटीसारखा अडकून मेंबरला धरतो, असं आपल्याला वाटतं. वास्तविक तो दोन पत्रे एकमेकांवर इतक्या जोरानं दाबून धरतो की त्यांच्यातल्या घर्षणानंच मेंबर जागेवर राहतो. भोक मोठं झालं की दाबायला उरणारा पत्रा कमी होतो. दाब भोकाच्या कडेवर येतो, ती कड हळूहळू दबते आणि बोल्ट सैल होतो. मग ब्रेक दाबताना किंवा कडेला वळताना खालून 'कट्' असा एक आवाज येऊ लागतो. तो आवाज म्हणजे मेंबर आपल्या भोकात सरकतोय.

सरकला तर किती? एक-दोन मिलिमीटर. एवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. हिशेब करून पाहू. १२ मिलिमीटरच्या बोल्टाला एरवीही १३ ते साडेचौदा मिलिमीटरचं भोक ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे थोडी सैल जागा मुळातच असते. आता समजा, मेंबर डावीकडे २ मिलिमीटर सरकून आवळला गेला. लोअर आर्मच्या टोकापासून स्ट्रटच्या वरच्या टोकापर्यंतची उंची साधारण ६०० मिलिमीटर धरली, तर दोन्ही चाकांचा उभा कल, ज्याला मेकॅनिक कॅम्बर म्हणतात, अंशाच्या पाचव्या हिश्शानं बदलतो. गंमत अशी की एका चाकाचा वाढतो आणि दुसऱ्याचा तितकाच कमी होतो, म्हणजे दोघांतला फरक अंशाच्या चार दशांशांपर्यंत जातो. दोन बाजूंतला फरक अर्ध्या-पाऊण अंशापलीकडे गेलेला कंपन्यांना सहसा खपत नाही. ती सगळी मुभा या एका सरकण्यात जवळजवळ संपते. गाडी एका बाजूला ओढू लागते, टायर एका कडेला झिजतो.

आणि मग आपण काय करतो? व्हील अलाइनमेंट करून आणतो. संगणकाच्या पडद्यावर हिरवे आकडे पाहून समाधान मानतो. परंतु पुष्कळ छोट्या गाड्यांत अलाइनमेंटवाल्याला फक्त टो बदलता येतो, म्हणजे चाकं वरून पाहिली तर आत वळलीत की बाहेर, तेवढंच. कॅम्बर बदलण्याची सोयच त्या गाडीत नसते. तो ठरतो मेंबर कुठे बसला त्यावरून. कॅम्बरचा आकडा लाल दिसला तर "वो तो ऐसा ही रहता है" असं उत्तर मिळतं. अलाइनमेंटचा छापील कागद घरी आणून तो आकडा एकदा वाचावा, एवढं सुचवावंसं वाटतं. वर्षातून दोनदा त्या कागदाचे पैसे आपण देतोच.

आधी कच्चे टाके

योग्य पद्धत काय, हे शिवणकाम जाणणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. बाही जोडताना आपण एका टोकापासून थेट मशीन मारत सुटत नाही. आधी कच्चे टाके घालतो, कापड सगळीकडे नीट बसलं का ते पाहतो, मगच पक्की शिलाई. क्रॉस मेंबरचंही अगदी तसंच आहे. पहिला बोल्ट पूर्ण आवळला की चौथं भोक हमखास सरकतं, कारण मेंबरला हलायला जागाच उरत नाही. म्हणून सगळे बोल्ट हातानं, पाना न लावता, दोन-तीन आटेच फिरवून सोडायचे. मेंबर लोंबता, सैल राहू द्यायचा.

खरं तर काम त्याही आधी सुरू होतं, मेंबर उतरवण्यापूर्वी. चिखल पुसून, मेंबर सांगाड्याला जिथे टेकतो त्या कडेभोवती रंगाची बारीक रेघ मारून ठेवायची. मोबाइलवर चार फोटो काढायचे. पुढचे आणि मागचे बोल्ट अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात, ते वेगळे ठेवायचे. बसवताना मेंबर त्या रेघांत परत आणला की निम्मी लढाई जिंकली. हे करायला दहा मिनिटं लागतात, पण ती घालवणारे थोडे.

न जुळणाऱ्या भोकासाठी टोकाकडे निमुळता होत गेलेला लोखंडी गज वापरतात. दिल्लीत त्याला सुंभा म्हणतात. तो शेजारच्या भोकातून वर घालून हलकेच कलवला की मेंबर सरकतो आणि चौथं भोक समोर येतं. इथे एक धोक्याची सूचना, विशेषतः सुट्टीच्या दिवशी घरीच गाडीखाली शिरणाऱ्यांना: भोक जुळलं का हे बोट घालून कधीही पाहू नये. मोह फार होतो. मेंबर स्टिअरिंग रॅक आणि आर्मसकट भारी असतो, जॅकवर तो एक बोटभर जरी सरकला तरी दोन पत्र्यांच्या कडा कात्रीसारख्या फिरतात. टॉर्च मारून डोळ्यांनी पाहावं. आणि गाडी केवळ जॅकवर असताना खाली जाऊ नये. खाली भक्कम घोड्या लावलेल्याच हव्यात.

बोल्ट हातानं फिरत नसेल तर थांबायचं. पाना लावून जोर केला, की तो तिरका आत जातो आणि सांगाड्यातल्या नटाचे आटे मारतो. हा नट पत्र्याच्या पोकळीत आतून जोडलेला असतो, सहज बदलता येत नाही. आटे गंजले असतील तर टॅप फिरवून साफ करता येतात. कापलेले आटे मात्र पुन्हा येत नाहीत.

काही कंपन्यांनी या कामासाठी सांगाड्यात आणि मेंबरमध्ये एकेक जादा भोक ठेवलेलं असतं. त्यात सरळ पोलादी पिन घातली की मेंबर आपोआप कारखान्यातल्या जागी येतो. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे यातलं एका बाजूचं भोक गोल असतं आणि दुसऱ्या बाजूचं मुद्दाम लांबट. दोन्ही गोल ठेवली तर कारखान्यातल्या केसभर फरकानंही दुसरी पिन अडकेल. गोल भोक जागा ठरवतं, लांबट भोक दिशा ठरवतं आणि फरक पोटात घालतं. तेव्हा गाडीखाली लांबट भोक दिसलं म्हणून लगेच मिस्त्रीवर आळ घेऊ नये. कारखान्यातल्या लांबट भोकाच्या कडा गुळगुळीत असतात, आतही रंग चढलेला असतो. कानशीनं केलेल्या भोकाची कड खरवडलेली, चकाकणारी किंवा तेवढ्याच भागात गंजलेली दिसते.

मेंबर रेघांवर आला की बोल्ट आवळायचे, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीनं, दोन-तीन फेऱ्यांत. किती, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अनेक छोट्या गाड्यांत हा आकडा १०० ते १५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचं वजन टांगल्याइतका पीळ. हाताच्या अंदाजानं कुणी कमी लावतो, कुणी पाइप घालून दुप्पट. म्हणून टॉर्क रेंच. काही गाड्यांचे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. आर्मच्या बुशांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवे बुश वर्षाच्या आत फाटतात.

आणखी एक गोष्ट हल्लीच्या गाड्यांत महत्त्वाची झाली आहे. भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या मागे तिच्या तारेचं एक गुंडाळं असतं. मेंबर उतरवताना स्टिअरिंगचा दांडा सोडवावा लागतो, आणि त्या अवस्थेत कुणी गंमत म्हणून चाक गरागरा फिरवलं, की ती तार तुटते. तेव्हा स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाकावं. लहान मुलांना अशा गाडीत खेळायला बसवू नये, हे आलंच.

मायापुरीचा माल, करोलबागेची गाडी

मेंबर बदलायचा ठरला तर नवा घ्यावा की जुना? नव्यासाठी काश्मिरी गेटचा मोटार बाजार, जुन्यासाठी मायापुरी. मायापुरीत मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग डोंगरासारखे रचलेले असतात आणि स्वस्तात मिळतात. या भंगाराचा पूर्वेतिहास कुणालाच ठाऊक नसतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं एक जुनं उपकरण लिलावातून इथे पोचलं आणि त्यातल्या कोबाल्ट-६०च्या किरणोत्सर्गानं एकाचा बळी गेला, हे टोकाचं उदाहरण झालं. पण जो मेंबर आपण उचलतोय तो अपघातातल्याच गाडीचा असण्याची शक्यता मोठी, एवढं तर उघड आहे. घ्यायचाच झाला तर टेप खिशात हवी, आणि दुकानाच्या फरशीवरच दोन्ही कर्ण मोजावेत.

हे सारं महाराष्ट्रातल्या वाचकांनी का वाचावं? त्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५च्या आदेशांनी राजधानी परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवायला बंदी आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली आणि २०२५ मध्ये तीत काही सवलती दिल्या. या नियमांमुळे दिल्लीतल्या जुन्या, पण बाहेरून चकाचक गाड्या ना-हरकत पत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. करोलबाग हा अशा गाड्यांचा जुना बाजार. कमी किमतीच्या मोहानं आपल्याकडची मंडळीही दिल्लीची गाडी घेतात. बरेचदा ती चांगली निघतेही. गंज नसतो, हे आधी सांगितलंच.

मात्र पैसे देण्याआधी ती गाडी लिफ्टवर चढवायला लावावी आणि क्रॉस मेंबरचे बोल्ट टॉर्चच्या उजेडात नीट पाहावेत. बोल्टाच्या डोक्यावरच्या रंगाला पान्याचे ओरखडे आहेत का? चारपैकी एकाच बोल्टाखाली वेगळा, मोठा वॉशर का? वॉशरच्या शेजारी सांगाड्यावर जुन्या वॉशरची गोल पुसट खूण उरली असेल, तर मेंबर आपल्या मूळ जागेवर नाही. भोकाजवळ वेल्डिंगचा ताजा थर, त्यावर काळा रंग? मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालवून स्टिअरिंगचा आडवा दांडा सरळ राहतो का ते पाहावं, आणि थांबल्यावर पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांवरून तळहात फिरवावा. एकाची आतली कड आणि दुसऱ्याची बाहेरची कड झिजलेली लागली, तर मेंबर एका बाजूला सरकलेला असण्याचा संशय घ्यायला जागा आहे.

गाडी स्वतःची असेल आणि मेंबर नुकताच बसवून घेतला असेल, तर मेकॅनिकला प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून सांगाड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला सांगावं. हजार किलोमीटरनंतर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्यावी. रेघ अखंड असेल तर बोल्ट हललेला नाही. तुटलेली दिसली, तर गाडी तिथेच ठेवून टॉर्क रेंच मागवावा.